निंदण की निधन? फोनला ऐकू कसं येतं

मागच्या जुलैतली गोष्ट. सकाळी साडेसहाला हॉस्टेलवर डोळे चोळत फोन उघडला, तर घरच्या ग्रुपवर बाबांचा मेसेज: 'आजीचं निधन झालं. उद्या खत टाकतो.'

पहिलं वाक्य वाचल्यावर दुसरं वाचायची शुद्ध कुणाला राहते? हात थरथरत होते. कसाबसा फोन लावला.

"बाबा, आजीला काय झालं?"

"काऊन वं, सकायी सकायी? आजी बसली हाय चुलीपाशी. च्या पिऊन रायली."

आमच्या आजीच्या नावावर नाल्याकाठी अडीच एकर वावर आहे. घरात त्या तुकड्याला 'आजीचं' एवढंच म्हणतात. आदल्या संध्याकाळी तिथलं निंदण, म्हणजे पिकातलं तण काढायचं काम, उरकलं होतं. बाबांनी बांधावर उभं राहून माइकचं बटण दाबलं आणि म्हणाले, "आजीचं निंदण झालं. उद्या खत टाकतो." फोनने 'निंदण'चं 'निधन' केलं. चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे वाचून न बघता त्यांनी मेसेज पाठवून दिला. मी फोन करेपर्यंत पांढरकवड्याची आत्या रडत रडत बसस्टँडवर पोचली होती.

आजीला कळलं तेव्हा ती खूप हसली. मला मात्र पुढे कितीतरी दिवस तो मेसेज डोळ्यांसमोर दिसत होता. बाबांचं शिक्षण तेलुगू माध्यमात सातवीपर्यंत. देवनागरी ते सावकाश वाचतात, पण लिहायला बसले की एका ओळीला पाच मिनिटं लागतात. त्यांच्यासाठी माइकचं ते बटण म्हणजे लेखणीच. आणि लेखणीच आपल्या मनाने शब्द बदलायला लागली तर?

मी साहित्याची विद्यार्थिनी, कॉम्प्युटरची नाही. पण त्या दिवसापासून या बटणामागे नक्की काय चालतं ते समजून घ्यायचा मी नाद घेतला. आपल्या मंडळातल्या बऱ्याच जणांना हे बटण रोज लागतं. असाइनमेंट असो की कविता, निम्मा मजकूर आता बोलूनच टाइप होतो. म्हणून जे समजलं ते इथे सोप्या भाषेत मांडते.

एक बटण, तीन वेगळी कामं

आधी एक गोंधळ दूर करू. फोनशी आपण तीन तऱ्हांनी बोलतो आणि तिन्हींना आपण 'व्हॉइस' म्हणून मोकळे होतो.

पहिली तऱ्हा म्हणजे व्हॉइस मेसेज. यात फोन काही ओळखत नाही, आवाज जसाच्या तसा साठवून पुढे पाठवतो. बाबांनी त्या दिवशी हे केलं असतं तर आत्याची धावपळ वाचली असती.

दुसरी तऱ्हा म्हणजे कीबोर्डवरचा छोटा माइक. आपण बोलायचं, फोनने अक्षरं लिहायची. याला व्हॉइस टायपिंग म्हणतात. हा लेख मुख्यतः याच्याबद्दल आहे.

तिसरी तऱ्हा म्हणजे असिस्टंट: 'आईला फोन लाव', 'पाचचा गजर लाव' वगैरे. इथे फोनला दोन कामं करावी लागतात. आधी आवाजाचे शब्द करायचे आणि मग त्या शब्दांमधून हुकूम काय आहे ते शोधायचं.

व्हॉइस टायपिंग हे कीबोर्डचं स्वतःचं काम आहे असं आपल्याला वाटतं. अँड्रॉइड फोनमध्ये खरी रचना थोडी निराळी असते. आवाज ओळखणारी सेवा फोनमध्ये वेगळी बसवलेली असते आणि कुठलंही अ‍ॅप तिला सांगू शकतं, 'हा आवाज घे आणि मला शब्द दे.' २०१० सालापासून अँड्रॉइडने अ‍ॅप बनवणाऱ्यांना ही सोय उघडी करून दिली आहे. आयफोनमध्ये तशी सोय २०१६ मध्ये आली. एकाच फोनमध्ये अशा दोन सेवाही असू शकतात, एक फोन बनवणाऱ्या कंपनीची आणि एक गूगलची. म्हणूनच एकाच कंपनीचे फोन घेतलेल्या दोन मैत्रिणींपैकी एकीला मराठी नीट उमटतं आणि दुसरीला नाही, असं होऊ शकतं. फोन सारखे असले तरी त्यांनी निवडलेली सेवा किंवा भाषा वेगळी असते. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'व्हॉइस इनपुट' किंवा 'व्हॉइस टायपिंग' टाका, तुमच्या फोनमध्ये कोणती सेवा चालू आहे ते दिसेल.

आवाजाची अक्षरं कशी होतात

आता मुख्य प्रश्न. 'आजीचं निंदण झालं' हे बोलायला साधारण दोन सेकंद लागतात. या दोन सेकंदांत फोनच्या आत काय होतं?

आवाज म्हणजे हवेतली लहर. माइक त्या लहरीची उंची पुन्हा पुन्हा मोजतो. आवाज ओळखण्याच्या कामासाठी सहसा सेकंदाला १६,००० वेळा. म्हणजे बाबांच्या त्या वाक्याचे झाले ३२,००० आकडे. एवढ्या आकड्यांमधून थेट अक्षर काढणं कठीण. म्हणून त्या आवाजाच्या बारीक चकत्या केल्या जातात, साधारण दर १० मिलिसेकंदांना एक. दोन सेकंदांच्या झाल्या दोनशे चकत्या. प्रत्येक चकतीत खालचे सूर किती, वरचे किती, कुठे जोर आहे हे मोजलं जातं. 'स' म्हटला की वरच्या पट्टीत सळसळ दिसते. 'आ' म्हटला की खालच्या पट्ट्या भरून येतात. 'प' किंवा 'ट' म्हणताना क्षणभर शांतता आणि मग एकदम स्फोट.

पुढचा टप्पा अंदाजाचा. हजारो तास माणसांचं बोलणं आणि त्या बोलण्याचा लिहिलेला मजकूर समोर ठेवून या यंत्रणेला शिकवलेलं असतं. त्या शिकवणीवरून ती प्रत्येक चकतीबद्दल म्हणते: हा 'न' असण्याची शक्यता इतकी, 'ण' असण्याची इतकी, 'द' इतकी, 'ध' इतकी. ठाम उत्तर तिच्याकडे नसतं, शक्यतांची यादी असते.

आणि मग येतो तो टप्पा, जिथे आमच्या आजीचा बळी गेला. शक्यतांच्या यादीतून वाक्य निवडताना यंत्रणा आणखी एक प्रश्न विचारते: मराठीत सहसा कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द येतो? 'अमक्याचं निधन झालं' हे वाक्य बातम्यांमध्ये, शोकसंदेशांमध्ये रोज छापलं जातं. 'अमक्याचं निंदण झालं' हे छापील मराठीत किती वेळा दिसतं? जवळपास नाहीच. त्यात आमच्याकडे 'ण'चा उच्चार बराचसा 'न'सारखा होतो. बाबा खरं तर 'निंदन' म्हणाले असणार. 'निंदन' आणि 'निधन'! माइकजवळ वारा, मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज. यंत्रणेने दोन्ही पारड्यांत वजन टाकलं असणार आणि रोजच्या सवयीचं पारडं खाली गेलं असणार.

शाळेतला श्रुतलेखनाचा तास आठवा. बाई सांगायच्या आणि आपण लिहायचो. एखादा शब्द नीट ऐकू आला नाही तर आपण काय करायचो? आधीच्या वाक्यावरून अंदाज बांधून ओळखीचा शब्द ठोकून द्यायचो. फोनही तसाच एक विद्यार्थी आहे. ऐकतो थोडं, बाकीचं ओळखीवरून भरतो. बहुतेक वेळा बरोबर भरतो, म्हणून आपल्याला जादू वाटते. पण ज्या शब्दाशी त्याची ओळखच नाही तो शब्द कितीही स्वच्छ उच्चारला तरी त्याच्या वहीत उतरणं अवघड.

दुसऱ्या वाक्यातलं 'खत' मात्र बरोबर उमटलं. तिथेही गंमत आहे. उर्दूत खत म्हणजे पत्र. आमच्याकडे दोन्ही अर्थ चालतात. आपण कुठलं खत म्हणतोय ते आपल्याला वावर डोळ्यांसमोर असल्यामुळे कळतं. फोनला वावर दिसत नाही, त्याला फक्त शेजारचे शब्द दिसतात.

सोळा शब्दांपासून मराठीपर्यंत

हे तंत्र एका रात्रीत आलेलं नाही. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जने 'ऑड्री' नावाचं यंत्र बनवलं. ते फक्त शून्य ते नऊ हे आकडे ओळखायचं आणि तेही ओळखीच्या माणसाने थांबून थांबून म्हटले तर. १९६२ च्या सुमारास आयबीएमने 'शूबॉक्स' दाखवलं, त्याला सोळा शब्द कळायचे. २०११ मध्ये आयफोनवर सिरी आली आणि फोनशी बोलणं ही घराघरातली गोष्ट झाली.

मराठीचा नंबर त्यानंतर लागला. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने व्हॉइस टायपिंगमध्ये भारतातल्या आणखी आठ भाषा आणल्या: बंगाली, गुजराती, कन्नड, मल्याळम, मराठी, तामिळ, तेलुगू आणि उर्दू. हिंदी आधीपासून होती. आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीने बघितलं तर मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही भाषा एकाच दिवशी फोनमध्ये आल्या. बाबांच्या हातात 'लेखणी' आली ती त्यानंतर.

तेव्हा बोलणं कुठे ओळखलं जायचं? फोनमध्ये नाही. आवाज इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या सर्व्हरवर जायचा आणि तिथून शब्द परत यायचे. मार्च २०१९ मध्ये गूगलने जीबोर्डसाठी अशी यंत्रणा जाहीर केली जी पूर्णपणे फोनच्या आत चालते. आधी जिथे साधारण २ जीबी जागा लागायची ते काम ८० एमबीत बसवलं होतं. पण ती सुरुवात फक्त अमेरिकन इंग्रजीसाठी आणि कंपनीच्या स्वतःच्या फोनसाठी होती. नवी सोय आधी इंग्रजीला, मग ज्या भाषांचा बाजार मोठा त्यांना, आणि बाकीच्यांना सावकाश, असाच हा क्रम दिसतो.

हा फरक आपल्याला कामाचा आहे. पैनगंगेच्या काठावर नेटवर्क येतं-जातं. ओळख सर्व्हरवर होत असेल तर नेटवर्क गेलं की माइक गोल गोल फिरत बसतो किंवा अर्धं वाक्य गिळतो. आपण उगाच उच्चाराला दोष देतो. तुमच्या फोनच्या व्हॉइस सेटिंगमध्ये मराठीचं ऑफलाइन पॅक दिसतं का ते पाहा. दिसत असेल तर वायफायवर असताना उतरवून ठेवा.

फोन सारखा ऐकत असतो का?

हा प्रश्न मला हॉस्टेलवर सगळ्यात जास्त विचारला गेला. उत्तर असं: असिस्टंट चालू असेल तर फोन एका ठरावीक हाकेची वाट बघत असतो. त्यासाठी एक अगदी छोटी यंत्रणा फोनमध्येच असते आणि तिला ती हाक सोडून बाकी काही ओळखायचं नसतं. हाक ऐकू आली असं वाटलं की मोठी यंत्रणा जागी होते. कधीकधी भलत्याच शब्दाला ती 'ओ' देते आणि तेव्हा आपलं दोन-चार सेकंदांचं बोलणं पुढे जाऊ शकतं. ते नको असेल तर हाक ऐकण्याचा पर्याय बंद करता येतो.

माइक कधी चालू आहे हे कळायलाही खूण आहे. २०२० पासून आयफोनवर नारिंगी ठिपका दिसतो. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण येते. काही न बोलता ती खूण दिसली तर कुठल्या अ‍ॅपने माइक उघडलाय ते तपासा. एखादं टॉर्चचं अ‍ॅप माइकची परवानगी मागत असेल तर ती द्यायचं काही कारण नाही. आणि ओळख सर्व्हरवर होत असेल तर आपला आवाज फोनबाहेर जातो हे लक्षात ठेवा. बँकेचा पिन, घरातलं आजारपण असल्या गोष्टी बोलून टाइप करू नयेत. सेवेच्या सेटिंगमध्ये आवाज साठवण्याचा पर्याय असतो. तो चालू आहे की बंद, तेही एकदा बघून घ्या.

एका पाटीखाली सगळी मराठी

आता आमच्या जिल्ह्याकडे येते, कारण माझा खरा प्रश्न तिथे आहे.

ज्यांनी आदिलाबाद पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. पैनगंगेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे यवतमाळ जिल्हा. निजामाच्या काळात किनवट आणि राजुरा आमच्याच जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आज महाराष्ट्रात आहेत. आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. २०१४ ला तेलंगणा झालं, २०१६ ला जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सीमा सरकत राहिली, पण घरातली भाषा तिथेच राहिली. बेला, जैनथ, तामसी या भागात कापसाच्या वावरात मराठी ऐकू येते. ऑफिसात तेलुगू, बाजारात दख्खनी उर्दू, उटनूर-इंद्रवेल्लीकडे गोंडी आणि कोलामी, तांड्यावर लंबाडी.

आमचं साधं बोलणं असं असतं: "पासबुक आणाले एमआरओ ऑफिसात गेलतो, साब नव्हते, रेपु या म्हनलं." यात मराठी, इंग्रजी, उर्दू आणि तेलुगू आहे. रेपु म्हणजे उद्या. बोलणाऱ्याला आपण चार भाषा बोलतोय हे कळतसुद्धा नाही. पण फोनला आधी सांगावं लागतं की भाषा कुठली. मराठी निवडली की तो प्रत्येक आवाज मराठीच्या पिशवीत कोंबायला बघतो. शेतकऱ्यांसाठीच्या 'रयतु बंधू' योजनेचं नाव बाबांच्या फोनने एकदा 'राहतो बंधू' असं लिहिलं. बाबा म्हणाले, "राहतो त खरं, पन पैसे कुठं रायते?"

दुसरी अडचण त्याहून बारीक आहे. फोनच्या भाषेच्या यादीत मराठीचा एक कोड असतो: 'एमआर' म्हणजे मराठी आणि पुढे 'आयएन' म्हणजे इंडिया. कोल्हापूरची, मालवणची, नागपूरची, बेल्याची, सगळी मराठी या एका पाटीखाली. स्पॅनिशला स्पेन, मेक्सिको, अर्जेंटिना अशा वेगवेगळ्या पाट्या आहेत. इंग्रजीलाही आहेत. मराठीला एकच. आणि त्या पाटीमागे ज्या बोलीचा मजकूर जास्त, तिचंच वजन जास्त. तो मजकूर अर्थातच छापील, प्रमाण मराठीचा.

म्हणून मी आजीची एक गोष्ट बोलून टाइप करायचा प्रयत्न केला तेव्हा काय झालं पाहा. आजी म्हणाली 'मले', फोनने एकदा 'मला' लिहिलं, एकदा 'मुले'. 'डोया' म्हणजे डोळा, त्याचं भलतंच काही झालं. 'पऱ्हाटी' म्हणजे कपाशीचं झाड, तिथे 'पराठे' आले. हसू आलं, पण 'मुले' आणि 'पराठे' या चुका निदान दिसतात तरी. 'मले'चं 'मला' झालं ती चूक दिसतच नाही. वाचणाऱ्याला वाटतं आजी असंच बोलली. पंधरा मिनिटांच्या गोष्टीतून माझी आजी हळूच काढून घेतली गेली आणि तिच्या जागी पाठ्यपुस्तकातली आजी येऊन बसली.

हे पहिल्यांदा होत नाही

इथे साहित्याच्या विद्यार्थ्यांना ओळखीची एक गोष्ट सांगते. जॉर्ज ग्रियर्सन यांनी १८९४ मध्ये भारतातल्या भाषांची पाहणी हाती घेतली. तिचे खंड १९०३ ते १९२८ या काळात निघाले. मराठीचा खंड सातवा, १९०५ चा. निरनिराळ्या बोलींची तुलना करता यावी म्हणून त्यांनी एकच गोष्ट सगळीकडे वापरली: बायबलमधला उधळ्या पुत्राचा दाखला. तोच बाप, तेच दोन मुलगे, पण प्रत्येक बोलीत वेगळ्या शब्दांत. वऱ्हाडीतला बाप वऱ्हाडी बोलतो, कोकणातला कोकणी वळणाने. पुढे काही बोलींचे आवाज ग्रामोफोनच्या तबकड्यांवरही घेतले गेले आणि त्यांतले बरेच आज इंटरनेटवर ऐकता येतात. फोनच्या यंत्रणेला शिकवायला जे लागतं, म्हणजे बोलणं आणि त्याचा मजकूर शेजारी शेजारी, त्याचं बीज शंभर वर्षांपूर्वी असं पडलं होतं.

पण त्या पाहणीच्या मुख्य कक्षेत मद्रास इलाखा, म्हैसूर आणि निजामाचं हैदराबाद संस्थान नव्हतं. आदिलाबाद हैदराबाद संस्थानात होतं. म्हणजे तेव्हाही नदीपलीकडच्यांची नोंद झाली आणि आमची राहिली.

आमच्याच जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण याच्या उलट दिशेने जातं. नारनूर मंडलातल्या गुंजाला गावात गोंडी भाषेच्या जुन्या हस्तलिखित पोथ्या उजेडात आल्या, त्यांची लिपी वेगळीच होती. हैदराबाद विद्यापीठातल्या अभ्यासकांनी आणि गावातल्या जाणत्या लोकांनी मिळून ती वाचली. २०१८ मध्ये गुंजाला गोंडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणजे ती कॉम्प्युटरवर आणि फोनवर लिहिता येण्याचा रस्ता मोकळा झाला. मूठभर पोथ्यांमुळे हे घडलं, कारण कुणीतरी त्या जपून ठेवल्या होत्या. लिपी आली तरी फोनला गोंडी ऐकू यायला आवाजाची शिदोरी लागते. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये 'आदि वाणी' हे भाषांतराचं अ‍ॅप आणलं, त्यात संथाली, भिली, मुंडारी यांच्याबरोबर गोंडीही आहे. सुरुवात झाली आहे.

यातून मला एक गोष्ट समजली. फोनला एखादी बोली कळत नाही याचं कारण ती बोली अशुद्ध आहे हे नव्हे. ती बोली त्याने ऐकलेलीच नाही. आणि ऐकवायचं काम कुणीतरी बसून करावं लागतं.

आपण काय करू शकतो

रोजच्या वापरासाठी काही साध्या गोष्टी. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर धरा, वाऱ्याकडे पाठ करा. एकेक शब्द तोडून बोलू नका. यंत्रणा शेजारच्या शब्दांवरून अंदाज बांधते, त्यामुळे पूर्ण वाक्य नेहमीच्या वेगाने बोललेलं तिला बरं पडतं. मध्ये फार वेळ थांबलात तर बोलणं संपलं असं समजून ती माइक बंद करते. भाषा बदलायची असेल तर आधी बदला, मग बोला. गावांची, माणसांची नावं हाताने टाइप करा. आणि पाठवण्याआधी एकदा तरी वाचा. बाबांसारख्यांना वाचणं जड जात असेल तर त्यांना व्हॉइस मेसेजच पाठवू द्या.

आपल्या मंडळासाठी याहून महत्त्वाची गोष्ट: आजी-आजोबांच्या गोष्टी, ओव्या, उखाणे, म्हणी गोळा करताना व्हॉइस टायपिंगवर विसंबू नका. आधी आवाज रेकॉर्ड करा आणि ती फाइल जपा. मग कानाने ऐकून, 'मले' आहे तिथे 'मले' लिहा. टायपिंगला फोनची मदत घ्यायची तर घ्या, पण मूळ आवाजाशी ताडून बघितल्याशिवाय मजकूर पक्का धरू नका. रेकॉर्ड करण्याआधी त्या माणसाला विचारा आणि कशासाठी करतोय ते सांगा.

आणि ज्यांना आणखी पुढे जायचंय त्यांच्यासाठी: मोझिला संस्थेचा 'कॉमन व्हॉइस' हा प्रकल्प २०१७ पासून चालू आहे आणि त्यात मराठी आहे. तिथे कुणीही वाक्यं वाचून आपला आवाज देऊ शकतं, दुसऱ्याने वाचलेलं बरोबर आहे का ते तपासू शकतं. जमलेले आवाज सगळ्यांसाठी खुले असतात. आपण दहा जणांनी रोज दहा वाक्यं वाचली तरी आपल्या वळणाचे शंभर आवाज रोज त्या शिदोरीत पडतील.

शेवटी बाबांचं सांगते. दिवाळीला घरी गेले तेव्हा ते ओट्यावर बसून फोनवर बोलत होते: "आजीच्या वावरातली खुरपणी झाली." मी चमकले. आमच्या घरात खुरपणी कुणी म्हणत नाही.

"बाबा, खुरपणी?"

"निंदन म्हनलं का त्याले समजत नाही. खुरपनी समजते. मंग म्या शब्दच बदलला."

फोनला आमची भाषा शिकायला जमलं नाही, म्हणून बाबा फोनची भाषा शिकले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. एका मेसेजने घरात रडारड झाली आणि एका माणसाने आपल्या बापजाद्यांचा शब्द मुकाट्याने बाजूला ठेवला. असे किती बाबा असतील, किती शब्द असतील, कोण जाणे.

त्या रात्री मी आजीजवळ फोन ठेवला, रेकॉर्डरचं बटण दाबलं आणि म्हटलं, "आजी, निंदण कसं करतात ते सांग." ती चाळीस मिनिटं बोलली. विळा कसा धरायचा, कुठलं तण भाजीला चालतं, निंदताना बाया काय गात. त्या चाळीस मिनिटांत 'निंदन' हा शब्द एकवीस वेळा आला. मी मोजला.

ती फाइल मी मंडळाच्या संग्रहाला देणार आहे. पुढच्या अंकापर्यंत तुम्हीही आपापल्या घरातला एक असा शब्द आणा, जो तुमच्या फोनला कळत नाही. लिहून नको, बोलणाऱ्याच्या आवाजात आणा.